तळाच्या तीन रेघा

एक कागद आहे. वहीतून फाडलेला, चौकटी-चौकटींचा, दोनदा घडी घातलेला. डावीकडून उजवीकडे वाचत गेलं तर त्यावर पाचच गोष्टी भेटतात: मॉस्फेटची जोडी, एक ट्रान्सफॉर्मर, एक फिल्टर, पुन्हा एक ट्रान्सफॉर्मर आणि एक भलंमोठं वेटोळं. वेटोळ्यापुढे एक तार वर जाते आणि कागदाच्या वरच्या कडेला आडवी होऊन संपते. आणि अगदी खाली, सगळ्याच्या बुडाशी, एकाखाली एक लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा. अर्थिंगची खूण. शाळेच्या पुस्तकात असते तीच.

कागद माझ्या मित्राचा. तो मूळचा मिरजेचा, गेली तीस वर्षं इंग्लंडच्या पूर्व भागातल्या एका गावात राहतो. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना आम्ही दोघांनी एकाच वर्षी काढला. मी पुण्यात चाळीस मीटरच्या पट्ट्यावर गप्पा मारत राहिलो. तो हळूहळू खाली उतरत गेला. खाली म्हणजे फ्रीक्वेन्सीने. आता त्याचा मुक्काम १३७ किलोहर्ट्झवर असतो. १३५.७ ते १३७.८ एवढाच तो पट्टा, सगळा मिळून २.१ किलोहर्ट्झ रुंद. एका माणसाचा आवाजसुद्धा त्यात ऐसपैस मावायचा नाही. युरोपातल्या काही देशांनी तो १९९०च्या दशकाच्या अखेरीस हौशी मंडळींना खुला केला आणि २००७ साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने त्याला जगभरासाठी मान्यता दिली. मोठी अट एकच: चहूकडे सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या मापाने मोजलं तर बाहेर पडणारी ताकद एक वॉटच्या वर जाता कामा नये.

एक वॉट म्हटल्यावर मला आधी वाटलं होतं, ही काय अट झाली. खेळण्यातली बॅटरी तेवढं देते. हा कागद नीट वाचल्यावर कळलं की तो एक वॉट गाठायला माणसाचा जन्म जातो.

रसग्रहण कवितेचं करतात, बंदिशीचं करतात. सर्किटचंही करता यावं असं मला मनापासून वाटतं, कारण चांगल्या सर्किटमध्येही प्रत्येक खूण दुसरीला उत्तर देत असते आणि एखादा आकडा जागचा हलवला तर सगळी ओळ कोसळते. हा कागद मात्र उजवीकडून वाचायला हवा. अर्थ तिकडे आहे.

तर उजवीकडची तार. तिच्याशेजारी मित्राने बारीक अक्षरात लिहिलंय: उंची १२, आडवी ४०, ३०० पीएफ. बारा मीटरचा खांब आणि त्यावरून परसाच्या टोकापर्यंत ताणलेली चाळीस मीटर तार. आपल्याकडची चार मजली इमारत डोळ्यांपुढे आणा, तेवढी उंची. १३७ किलोहर्ट्झची लहर असते २,१९० मीटर लांब. साध्या उभ्या अँटेनाला लहरीच्या पाव भागाइतकी उंची लागते, म्हणजे जवळजवळ साडेपाचशे मीटर. इथे आहेत बारा. लहरीच्या एकशे ब्याऐंशीव्या हिश्शाइतकी ही तार आहे, आणि इतक्या आखूड तारेला अँटेना म्हणणं हा खरं तर सौजन्याचा भाग. वीज तिच्याकडे पाहते तेव्हा तिला दिसतो एक कपॅसिटर: वरची तार ही एक पाटी, खालची जमीन ही दुसरी, मध्ये परसातली हवा. तीनशे पिकोफॅरड. ती पीएफ अशी दोन अक्षरं लिहून मित्राने अँटेना हा शब्द गाळलाच आहे. एवढी प्रामाणिक ओळ मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे.

या कपॅसिटरमधून काही फुकट जात नाही. १३७ किलोहर्ट्झला तो ३,८७० ओहमचा अडसर घालतो. त्या अडसरात ऊर्जा जळत नाही, नुसती आत जाते आणि परत येते, झोपाळा जावा-यावा तशी. तो तोडायचा तर उलट्या स्वभावाचा तितकाच अडसर समोर उभा करावा लागतो, आणि म्हणून ते वेटोळं. साडेचार मिलिहेन्री. त्याचेही ३,८७०, पण दिशा उलटी. दोघं समोरासमोर आले की एकमेकांना पुसून टाकतात.

ते वेटोळं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. परसातल्या लाकडी खोपटात, तीस सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या पिंपावर, चाळीस सेंटिमीटर उंचीत एकशे पासष्ट वेढे. दीडशे मीटरहून जास्त तार. साधी तांब्याची तार नव्हे. या फ्रीक्वेन्सीला वीज तांब्याच्या जेमतेम ०.१८ मिलिमीटर कातडीतूनच वाहते, आतलं तांबं रिकामं बसून राहतं; म्हणून केसासारख्या शेकडो इनॅमल्ड तारांचा पीळ. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटू नये म्हणून मित्राने मध्ये सुतळी गुंडाळत नेली होती. वेढ्यांवरून बोट फिरवलं तर, यंत्र बंद असतानाच अर्थात, विणलेल्या खाटेवरून फिरवल्यासारखं वाटतं. पिंपाच्या आत आणखी एक छोटं वेटोळं, लांब प्लास्टिकच्या दांडीवर बसवलेलं. दांडी फिरवली की ते मोठ्याच्या बाजूने होतं किंवा विरुद्ध जातं, आणि साडेचारचे कधी ४.४ होतात, कधी ४.६. त्याला व्हेरिओमीटर म्हणतात. दांडी लांब का? तारेच्या तोंडाशी ६,४०० व्होल्ट असतात, शिखरावर नऊ हजार. खोपटाला कुलूप आहे, कुंपण आहे, आणि तारेचं टोक वळवून गोल केलेलं आहे, कारण अणकुचीदार टोकावरून ठिणगी हवेत निसटते.

इथपर्यंत सगळं पुसून झालं. कपॅसिटरचे ३,८७० गेले, वेटोळ्याचेही गेले. आता उरतं काय? इथे कागदावरची मला सगळ्यात आवडणारी ओळ येते. तिन्ही आकडे मित्राने एकाखाली एक, हिशेबाच्या वहीत लिहावेत तसे लिहिलेत:

जमीन ६०. वेटोळं १३. आकाश ०.०३३.

आणि खाली रेघ मारून: ७३.

हे सगळे ओहम. तिसरा आकडा म्हणजे अँटेनाचा विकिरण-रोध. ऊर्जा खरोखर लहर होऊन निघून जाते ती या रोधातून. उंची लहरीच्या मानाने जितकी कमी, त्याच्या वर्गाने तो घटतो. तारेची परिणामकारक उंची दहा मीटर धरली तर ०.०३३ येतो. तेरा ओहम वेटोळ्याच्या तांब्याचे. आणि साठ ओहम जमिनीचे. तारेपासून निघालेली विद्युतरेषा परसभर पसरून खाली उतरते: गवतावर, भिंतीवर, सफरचंदाच्या झाडावर. मग मातीतून वाट काढत तिला खोपटापाशी परतावं लागतं. त्या परतीच्या वाटेवर जे जळतं ते साठ ओहम. बेरजेत तिसरा आकडा बेपत्ता आहे: साठ आणि तेरा त्र्याहत्तर, आकाश जमेला धरायची गरजच पडलेली नाही.

दोनशे वॉट सोडले की १.६५ अँपिअर करंट वाहतो. एकशे चौसष्ट वॉट मातीत, छत्तीस वेटोळ्यात. आकाशाच्या वाट्याला ०.०९ वॉट. बावीसशे रुपये कमवावेत आणि रुपया हाती लागावा, तशातला प्रकार. जमिनीवरच्या उभ्या तारेला दिशेचा फायदा मिळतो म्हणून परवान्याच्या मापाने हे पाव वॉटच्या थोडं वर जातं. पूर्ण एक वॉट गाठायचा तर याच अँटेनाला ७४० वॉट पाजावे लागतील.

मिरजेच्या माणसाने हे सगळं मला तंबोऱ्यावरून समजावलं. त्याचं बालपण सतारमेकरांच्या गल्लीशेजारी गेलेलं. तो म्हणाला, "अरे, नुसती तार छेडलीस तर काय ऐकू येतं? तार हवेला कापत जाते, ढकलत नाही. घोडी ती थरथर तबलीला देते, तबली रुंद असते, भोपळ्याचं पोट मोठं असतं, तेव्हा कुठे हवा हलते. आता भोपळ्याच्या जागी सुपारी बसव. घोडी कितीही छान घासलीस तरी थरथर जाणार कुठे? लाकडात मुरणार." मला हे उदाहरण इतकं चपखल वाटलं की त्यानंतर इम्पिडन्स मॅचिंगची दुसरी व्याख्या मी कुणाला सांगितलेली नाही. घोडी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. भोपळा म्हणजे अँटेना. आणि या परसात भोपळ्याच्या जागी सुपारी आहे, हे आधी मान्य करून मगच तंबोरा लावायला बसायचं.

आता दुसरा ट्रान्सफॉर्मर, वेटोळ्याच्या अलीकडचा. फेराइटच्या कड्यावर वीस वेढे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला चोवीस, आणि त्या चोवीसमध्ये १६, १८, २०, २२, २४ अशा जागी टॅप काढलेले. इम्पिडन्स वेढ्यांच्या वर्गाने बदलतो: वेढे दुप्पट तर इम्पिडन्स चौपट. वीसास चोवीस म्हणजे १.२, त्याचा वर्ग १.४४, आणि पन्नास ओहमचे बहात्तर. त्र्याहत्तरला पाहिजे होते, बहात्तर मिळाले. याहून जास्त अचूकपणा इथे मागू नये.

पन्नासच का? कारण फिल्टर, केबल, मीटर सगळं पन्नास ओहमच्या रिवाजावर बांधलेलं असतं. आणि इथे हौशी रेडिओतल्या एका मोठ्या भाबडेपणाविषयी बोललं पाहिजे. जुळणी दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरची सुई एकावर आली की आमच्यातले बहुतेक जण सुटकेचा श्वास सोडतात. अँटेना जुळली, काम फत्ते. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण हा कागद हातात घ्या आणि ट्रान्सफॉर्मर क्षणभर काढून टाका. जमीन ६०, वेटोळं १३, एकूण ७३. सुई दीडच्या जरा खाली. आता मित्राने परसभर तांब्याच्या तारा पुरल्या, खुंट ठोकले आणि समजा जमीन साठावरून वीसवर आणली. एकूण ३३. सुई पुन्हा दीडवरच! पन्नासाच्या एका अंगाला होती, ती दुसऱ्या अंगाला गेली. मीटरच्या लेखी काहीच घडलं नाही. पण ट्रान्सफॉर्मरचा टॅप सोळावर नेऊन दोनशे वॉट पुन्हा नीट पोचवले तर करंट अडीच अँपिअरजवळ जातो आणि आकाशाला मिळतात ०.२ वॉट, पूर्वीच्या दुपटीहून अधिक. उलट एखाद्याच्या जमिनीचे नेमके ३७ आले, वेटोळ्याचे १३ मिळून पन्नास झाले, तर काहीही न जुळवता सुई एकावर येऊन बसेल आणि त्या भल्या माणसाला वाटेल आपली अँटेना आदर्श आहे. तिथे आदर्श आहे ती फक्त बेरीज.

म्हणून मला वाटतं, हा सगळा खटाटोप आकाशाशी जुळवून घेण्याचा नाहीच. ॲम्प्लिफायर जुळवून घेतो तो मातीशी. त्याला समोर जे त्र्याहत्तर ओहम दिसतात त्यात आकाशाचा वाटा दोन हजारांत एक. बाकी सगळं माती आणि तांबं. मॅचिंगने आकाशाचा वाटा वाढत नाही. मॅचिंग एवढंच करतं की ॲम्प्लिफायरला आपली पूर्ण ताकद सुखरूप देता यावी. वाटा वाढवायचा तर खांब उंच करा, तार लांब करा, नाहीतर जमीन सुधारा. यातलं तिसरं सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात कमी दिसणारं. आपल्याकडे घराचं अर्थिंग करताना खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, वरून पाणी ओततात; मातीला वीज प्यायला लावायची तर तिला ओल आणि मीठ लागतं हे वायरमनला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. काळ्या चिकण रानात हे खेळ जितके साधतील तितके कोकणातल्या जांभ्यावर साधायचे नाहीत. मित्राचं परस चिकणमातीचं, तरीही साठ ओहम, कारण झाडं, घर, कुंपण या सगळ्यांचा वाटा त्यात येतो. वसंतात सफरचंदाला पालवी फुटली की आकडा वर सरकतो, असं तो सांगतो.

ॲम्प्लिफायरबद्दल थोडक्यात. दोन मॉस्फेट, म्हणजे स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर, पन्नास व्होल्टवर आळीपाळीने उघडझाप करतात. गणित असं पडतं की दोनशे वॉट काढायचे तर त्यांच्या पुढ्यात अडीच ओहम पाहिजेत. म्हणून पहिला ट्रान्सफॉर्मर दोनास नऊ वेढ्यांचा: साडेचारचा वर्ग सव्वावीस, अडीचाचे पन्नास. समोरचा रोध याहून कमी झाला तर करंट उसळतो आणि मॉस्फेट जातात. जास्त झाला तर ताकद पडते. आणि वेटोळं नीट लागलेलं नसेल तर करंट व्होल्टेजच्या मागेपुढे होतो, नको त्या क्षणी स्विच उघडतो आणि उष्णता चढते. मित्राच्या टेबलावर जळलेल्या मॉस्फेटनी अर्धी भरलेली काचेची बरणी आहे. फिल्टर गरजेचा आहे, कारण या उघडझापीतून चौकोनी लहर निघते आणि तिच्या पाठोपाठ तिसरा, पाचवा असे विषम पट येतात. पाचवा पडतो ६८५ किलोहर्ट्झवर, थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात, शेजाऱ्याच्या रेडिओत. कागदावर फिल्टर घाईघाईने काढलेला आहे, त्याचे आकडेही दिलेले नाहीत. या आकृतीतली ती एकच सपक जागा.

हा कागद मला कळला तो त्या घरी घालवलेल्या एका ऑक्टोबरच्या संध्याकाळी. दिवसभर कोरडं होतं, मित्राने दुपारीच सगळं लावून ठेवलं होतं. फिल्टर आणि दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या मध्ये त्याने दोन छोटी फेराइटची कडी बसवली आहेत. एकातून व्होल्टेजचा नमुना ऑसिलोस्कोपला मिळतो, दुसऱ्यातून करंटचा. पडद्यावर दोन लाटा: पिवळी व्होल्टेजची, निळी करंटची. मोजमाप असं बसवलेलं की पन्नास ओहम असतील तर दोघी सारख्याच उंचीच्या दिसाव्यात, आणि वेटोळं अचूक लागलं असेल तर एकीवर एक पडून एकच लाट दिसावी. हौशी लोकांनीच रूढ केलेली ही युक्ती. एसडब्ल्यूआरची सुई फक्त म्हणते की बिनसलंय. या दोन लाटा सांगतात काय बिनसलंय.

दुपारी एकच हिरवट लाट होती. साडेपाचला पाऊस सुरू झाला. मोठा नव्हे, तिकडचा तो बारीक, न संपणारा. आम्ही चहा घेत होतो आणि पडद्यावर निळी लाट पिवळीच्या मागे रेंगाळू लागली. आधी कडा दिसली, मग स्पष्ट फट. पानं ओली झाली होती, तार ओली झाली होती, आणि परसाच्या कपॅसिटरमध्ये तीन पिकोफॅरडची भर पडली होती. शंभरात एक. तेवढ्याने ३,८७० मधले एकोणचाळीस ओहम उघडे पडतात. त्र्याहत्तरच्या शेजारी एकोणचाळीस म्हणजे थट्टा नव्हे, करंट अठ्ठावीस अंशांनी मागे. मित्राने कप खाली ठेवला, खोपटाच्या भिंतीतून बाहेर आलेली ती लांब दांडी धरली आणि तंबोऱ्याची खुंटी पिळावी तशी, केसभर, डावीकडे फिरवली. निळी पुढे सरकली. आणखी केसभर. फट मिटली. पण दोघी एकमेकींवर पडल्या तेव्हा निळी थोडी बुटकी राहिली होती. "रोध वाढलाय," तो म्हणाला. "ओलं झाड जास्त खातं. राहू दे, पंचविसावा टॅप नाही आपल्याकडे." आणि आम्ही चहाकडे वळलो.

त्या फटीत मला कागदावरचे सगळे आकडे एकदम हलताना दिसले. ३०० पीएफ असं शाईने लिहिलेलं असलं तरी ते झाडाच्या पानावर अवलंबून आहेत. या अँटेनाचा रुंदीपट्टा अडीच किलोहर्ट्झच्या आसपास. जमीन सुधारून एकूण रोध ३३ ओहमवर आणला तर तो निम्म्याहून कमी होतो. जितकं कमी वाया जाईल, तितकी ती तोळामासा प्रकृतीची बनते. इथली भाषाही त्याला साजेशी आहे: मोर्सचा एक ठिपका तीन सेकंदांचा, कधी दहाचा, कधी मिनिटाचा. नोबेल मिळवलेल्या जो टेलर या खगोलशास्त्रज्ञाने २००८ साली लिहिलेल्या डब्ल्यूएसपीआर या संदेशपद्धतीत परवान्याचं नाव, गाव आणि ताकद एवढंच सांगायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. ०.०९ वॉट, पण दोन मिनिटं न चळता. त्यावर समुद्र ओलांडला जातो.

याच कुळातलं एक महाकाव्य स्वीडनमध्ये उभं आहे. पश्चिम किनाऱ्यावर वार्बर्ग शहराजवळ ग्रिमेटोन. पहिल्या महायुद्धात समुद्राखालच्या तारा परक्यांच्या हातात असल्या की काय होतं ते स्वीडनने पाहिलं होतं, आणि अटलांटिकपलीकडे लाखो स्वीडिश स्थलांतरित होते. म्हणून अमेरिकेशी थेट बोलणारं हे केंद्र बांधलं; २ जुलै १९२५ रोजी राजा पाचवा गुस्ताव याने त्याचं उद्घाटन केलं. यंत्र एर्न्स्ट अलेक्झांडरसन याचं. उप्साला इथे जन्मलेला, तरुणपणी अमेरिकेत जाऊन जनरल इलेक्ट्रिकमध्ये रमलेला हा अभियंता. त्याच्या यंत्रात व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही, १.६ मीटर व्यासाची पोलादी चकती, कडेला ४८८ खाचा, मिनिटाला २,११५ फेरे. गुणून पाहा: सेकंदाला सव्वापस्तीस फेरे, गुणिले ४८८, उत्तर १७,२०० हर्ट्झच्या जरा वर. १७.२ किलोहर्ट्झ. गिरणीतल्या चाकासारखं चाक फिरवून काढलेली रेडिओलहर, आणि तीही तरुण कानाला ऐकू यावी इतक्या खालच्या फ्रीक्वेन्सीची. चकतीची कड सेकंदाला १७७ मीटर धावते.

लहर १७.४ किलोमीटर लांब. मनोरे १२७ मीटर उंच, एकूण सहा, एकमेकांपासून ३८० मीटरवर, प्रत्येकाच्या माथ्यावर ४६ मीटरचा आडवा हात, आणि त्यांवरून ताणलेल्या तारा. डोळे दिपवणारी रचना. पण भागाकार करा: १२७ मीटर हा त्या लहरीचा एकशे सदतिसावा हिस्सा. मित्राच्या परसात एकशे ब्याऐंशीवा. भावकीच आहे ही! परिणामकारक उंची शंभर मीटर धरली तर विकिरण-रोध येतो ०.०५ ओहम. २०० किलोवॉटचं यंत्र, आणि भोपळा पुन्हा सुपारीएवढाच. साठ ओहमची जमीन इथे असती तर दोन लाख वॉट घालून शेकोटीच पेटली असती.

अलेक्झांडरसनने काय केलं ते वाचताना मी खुर्चीतून उठलो होतो. वरच्या तारांपासून त्याने एकच तार खाली आणली नाही. सहाही मनोऱ्यांपाशी एकेक उभी तार उतरवली, प्रत्येकीच्या पायाशी स्वतंत्र मोठं वेटोळं, प्रत्येकीची स्वतंत्र जमीन. यंत्राची वीज एकाच टोकाला जाते, पण सहा वेटोळी मिळून ती वाटून घेतात. आकाशाच्या दृष्टीने सहा करंटांची बेरीज होते, आधीएवढीच. मातीच्या दृष्टीने प्रत्येक पायाशी सहावा हिस्सा उतरतो, आणि उष्णता करंटाच्या वर्गाने होत असल्याने प्रत्येक पायाशी जळतो छत्तिसावा हिस्सा. सहा ठिकाणचे छत्तिसावे मिळून एक षष्ठांश. मातीचा रोध, न खणता, सहापट खाली. पालखी जड असली की भोई वाढवतात. तिथे ओझं तेवढंच राहतं, फक्त वाटलं जातं. इथे वाटून घेतल्याने ओझंच घटतं. मातीशी जुळवून घेण्याची इतकी देखणी रीत मला दुसरी ठाऊक नाही, आणि ती मनोऱ्यांच्या उंचीत नसून त्यांच्या पायांशी आहे.

ग्रिमेटोन २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. दर वर्षी २ जुलैच्या जवळच्या रविवारी आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते चाक सहसा पुन्हा फिरवतात, आणि युरोपभरचे हौशी लोक लांब तार थेट कॉम्प्युटरच्या साउंड कार्डला जोडून एसएक्यू ही त्याची हाक ऐकतात. मित्रही ऐकतो.

मी निघालो तेव्हा त्याने हा कागद मला दिला. विमानात घडी उलगडली तेव्हा मागच्या बाजूला पेन्सिलीचं काम दिसलं. तीच चाळीस मीटरची आडवी तार, पण या वेळी तिच्या दुसऱ्या टोकालाही, कुंपणापाशी, एक तार खाली उतरवलेली. तिच्या पायाशी दुसरं वेटोळं. दोन्ही वेटोळ्यांशेजारी साडेचार खोडून नऊ मिलिहेन्री लिहिलेले, कारण दोघं समांतर आले की नऊचे साडेचारच होतात. तळाला तीन रेघा दोनदा. शेजारी तीच हिशेबवजा बेरीज: जमीन ३०, वेटोळं १३, एकूण ४३. आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित करून: वीसास अठरा? ४०.५. एकोणीस? ४५. नवा टॅप काढावा लागेल.